डायलिसिसमध्ये रक्तातला कचरा जातो तरी कसा?

घरात कुणाला डायलिसिस लागलं की चार दिवसांत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य बसतं: ‘मशीनमधून रक्त गाळून घेतात.’ ऐकायला सोपं, पटायलाही सोपं. पण गाळलं म्हटलं की गाळ उरायला हवा. गाळणीत चोथा राहतो, चाळणीत कोंडा राहतो. डायलिसिस संपल्यावर मशीनच्या फिल्टरमध्ये तसलं काही साचलेलं नसतं. रक्ताचे चार-दोन तांबडे धागे दिसतील, कचरा दिसणार नाही. आणि ड्रेनच्या नळीतून जे पाणी वाहून जातं ते तर अगदी नितळ दिसतं.

दुसरं कोडं त्या पाण्याचंच. एका वेळच्या डायलिसिसला साधारण १२० लिटर द्रव लागतो. मिनिटाला ५०० मिली, असे चार तास. एवढ्या पाण्यातून बाहेर काय जातं? हिशेब करून पाहू. समजा, डायलिसिसच्या आधी रक्तातला युरिया डेसिलिटरला १५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे लिटरला दीड ग्रॅम. युरिया फक्त रक्तात नसतो, शरीरातल्या सगळ्या पाण्यात तो पसरलेला असतो. ते पाणी ४० लिटर धरलं तर एकूण युरिया झाला ६० ग्रॅम. डायलिसिसनंतर आकडा ५० वर आला, तर शरीरात उरले २० ग्रॅम आणि गेले ४०. म्हणजे मूठभर पावडर. तिच्यासाठी १२० लिटर?

सगळी मेख त्या पाण्यातच आहे. फिल्टरकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण काम होतं ते पलीकडून वाहणाऱ्या पाण्यामुळे.

आधी कचरा म्हणजे काय ते पाहू. आपण प्रथिनं खातो आणि शरीरातली जुनी प्रथिनंही रोज मोडत असतात. प्रथिनांत नायट्रोजन असतो, त्याचा आधी अमोनिया होतो. अमोनिया मेंदूला घातक, म्हणून यकृत त्याचा घाईघाईने युरिया करून टाकतं. युरिया त्या मानाने गरीब प्राणी. पाण्यात झटकन विरघळतो, कुठेही जातो. क्रिएटिनीन स्नायूंतून येतं, रोज जवळजवळ ठरलेल्या प्रमाणात. ‘क्रिएटिनीन आठवर गेलं’ असं घाबऱ्या आवाजात सांगितलं जातं, पण क्रिएटिनीन स्वतः फारसं काही बिघडवत नाही. ते तापमापीतल्या पाऱ्यासारखं. ताप त्याच्यामुळे आलेला नसतो. खरी भीती असते ती पोटॅशियमची. रक्तात त्याची पातळी लिटरला साडेतीन ते पाच मिलिमोलच्या (कण मोजायचं एकक) आसपास असावी लागते. ती साडेसहा-सातच्या पुढे गेली की हृदयाचा ठेका बिघडतो आणि कधी कधी काही लक्षण दिसायच्या आतच हृदय थांबतं. याशिवाय फॉस्फेट, यूरिक ॲसिड, अन्नाच्या ज्वलनातून रोज तयार होणारं आम्ल, आणि ज्याला कचरा म्हणायला जीभ वळत नाही ते साधं पाणी आणि मीठ.

निरोगी किडनी हे सगळं कसं काढते, ते कळलं की डायलिसिसची अडचणही कळते. कपाट आवरायच्या दोन तऱ्हा असतात. एक म्हणजे एकेक नको असलेली वस्तू शोधून काढायची. दुसरी म्हणजे सगळंच्या सगळं कपाट जमिनीवर ओतायचं आणि हवं तेवढंच उचलून परत ठेवायचं. किडनी दुसरी तऱ्हा वापरते. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. या सूक्ष्म गाळण्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव बाहेर पडतो. शरीरात रक्तद्रव असतो जेमतेम तीन लिटर. म्हणजे तोच रक्तद्रव दिवसाकाठी साठ वेळा बाहेर ओतला जातो. मग पुढच्या नलिका त्यातलं पाणी, साखर, सोडियम, बायकार्बोनेट असं हवं ते उचलून परत घेतात, आणि मागे उरलेलं दीड-दोन लिटर म्हणजे लघवी. या पद्धतीचा फायदा मोठा आहे. कचरा ओळखावाच लागत नाही. आयुष्यात कधी न घेतलेलं औषध पहिल्यांदा पोटात गेलं, तरी परत उचलायच्या यादीत ते नसल्यामुळे सहसा आपसूक बाहेर जातं.

पण उचलून परत घ्यायला नलिकांच्या पेशींत जिवंत पंप लागतात आणि ते अखंड ऊर्जा खातात. प्लॅस्टिकच्या फिल्टरला हे जमणारं नाही. एकदा बाहेर गेलेलं तो परत आणू शकत नाही. त्यामुळे डायलिसिसला तिसराच मार्ग शोधावा लागला.

दोन खोल्या आणि एक दार

दोन खोल्या डोळ्यांसमोर आणा. मध्ये एक दार. डाव्या खोलीत शंभर माणसं, उजवी रिकामी. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, आणि सगळे वाट फुटेल तिकडे भटकतायत. कुणालाही पलीकडे जायची घाई नाही, कुणी ढकलत नाही, कुणी बोलावत नाही. तरी थोड्या वेळाने पाहाल तर दोन्ही खोल्यांत पन्नास-पन्नासच्या आसपास माणसं असतील. भटकणं नंतरही चालूच राहील, पण जेवढे जातील तेवढे येतील.

शाळेच्या पुस्तकात याला विसरण म्हणतात (विसराळूपणाशी संबंध नाही, पसरण्याशी आहे). पाण्यात पडलेला शाईचा थेंब याच रीतीने पसरतो. डायलिसिसमध्ये डावी खोली म्हणजे रक्त, उजवी म्हणजे मशीनमधून फिरणारा द्रव, ज्याला डायलिसेट म्हणतात, आणि दार म्हणजे त्यांच्यामधला अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा.

आता या खेळात दोन युक्त्या करता येतात आणि सगळं डायलिसिस त्या दोन युक्त्यांवर उभं आहे.

पहिली. उजव्या खोलीत आलेल्या माणसाला लगेच मागच्या दाराने बाहेर काढायचं. उजवी खोली कायम रिकामी राहिली तर समतोल कधी होणारच नाही, आणि डावी खोली हळूहळू ओसरत जाईल. हेच ते १२० लिटर. पाणी कचऱ्याला ओढत नाही. कचरा आपल्या मनानेच भटकत येतो. पाण्याचं काम एवढंच, की आलेल्याला परत फिरायला सवड न देता वाहून नेणं. डबकं भरून एकदाच ठेवलं असतं तर अर्ध्या वाटेवर सगळं थांबलं असतं.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. समजा डाव्या खोलीत लाल टोपीवाले आणि निळी टोपीवाले असे दोघे आहेत, आणि आपल्याला फक्त लाल टोपीवाले घालवायचे आहेत. दार तर दोघांनाही सारखंच. मग करायचं काय? उजव्या खोलीत आधीपासूनच डावीकडे आहेत तेवढे निळी टोपीवाले उभे करून ठेवायचे. निळे इकडून तिकडे जातील, तिकडून इकडे येतील, पण हिशेब जागच्या जागी राहील. लाल मात्र तिकडे एकही नसल्यामुळे एकतर्फी घटत जातील.

डायलिसेट अशाच हिशेबाने तयार केलेला असतो. सोडियम रक्तात असतं जवळपास तेवढंच, लिटरला १३८ मिलिमोलच्या आसपास. म्हणून शरीरातलं मीठ धुऊन जात नाही. पोटॅशियम बहुधा २; रुग्णाच्या रक्तात ६ असेल तर ते भराभर उतरतं, पण शून्यावर जाऊ शकत नाही, कारण पलीकडे शून्य नाही. युरिया, क्रिएटिनीन, फॉस्फेट यांचा पलीकडे अंशही नसतो. आणि बायकार्बोनेट मुद्दाम रक्तातल्यापेक्षा जास्त ठेवलेलं असतं, ३२-३५ च्या घरात, त्यामुळे ते उलट दिशेने, द्रवातून रक्तात शिरतं आणि साचलेलं आम्ल शमवतं. म्हणजे एकाच दारातून एकाच वेळी काही बाहेर जातंय, काही आत येतंय आणि काही आहे तिथेच आहे. चाळणीला हे कधी जमलं असतं?

मशीनशेजारी द्रवाचे दोन वेगळे कॅन दिसतात, त्याचं कारणही इथेच आहे. एकात आम्लयुक्त घटक आणि कॅल्शियम, दुसऱ्यात बायकार्बोनेट. दाट असताना दोन्ही एकत्र केले तर कॅल्शियमचा खडूसारखा साका तळाशी बसेल. म्हणून मशीन ऐनवेळी शुद्ध पाण्यात दोन्ही मिसळतं, द्रवातून वीज किती सहज वाहते यावरून मिश्रण बरोबर झालंय का हे तपासतं, शरीराच्या तापमानाच्या आसपास ते गरम करतं आणि मगच फिल्टरकडे सोडतं.

सॉसेजचं वेष्टण आणि मोटारीचा पंप

ही कल्पना यंत्राच्या कितीतरी आधीची. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहमने १८६१ मध्ये ‘डायलिसिस’ हा शब्द वापरात आणला. पार्चमेंटच्या पडद्यातून लहान रेणू पलीकडच्या पाण्यात उतरतात, मोठे अडकून पडतात, लघवीतला युरियासुद्धा असा वेगळा करता येतो, हे त्याने दाखवलं. रोग्यासाठी त्याचा उपयोग व्हायला मात्र ऐंशी वर्षं लागली. अडचण पडद्यापेक्षा रक्ताची होती. शरीराबाहेर आलं की ते गोठतं. १९१३ मध्ये अमेरिकेत जॉन जेकब एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले तेव्हा रक्त पातळ ठेवायला त्यांनी जळवांच्या तोंडातून काढलेला अर्क वापरला. १९२४ मध्ये जर्मनीत गेऑर्ग हास यांनी माणसावर पहिला प्रयत्न केला, तो काही मिनिटांचाच. खरी सोय झाली ती हेपारिन हे औषध हाती आल्यावर.

मग आला विलेम कोल्फ. नेदरलँड्सचा तरुण डॉक्टर. १९३८ मध्ये त्याच्या वॉर्डात २२ वर्षांचा एक मुलगा किडनी निकामी होऊन गेला. दिवसाला वीस-तीस ग्रॅम युरिया काढता आला असता तर पोरगा जगला असता, हे कोल्फच्या डोक्यातून जाईना. पुढे देश जर्मनांच्या ताब्यात गेला. माल मिळेना, पैसा मिळेना. कम्पेन नावाच्या लहान गावातल्या रुग्णालयात त्याने १९४३ मध्ये लाकडी पट्ट्यांचा एक ढोल बनवला, त्याभोवती सॉसेजच्या वेष्टणासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी गुंडाळली आणि ढोल अर्धा बुडेल असा एका एनॅमलच्या टबात फिरवत ठेवला. नळीत रक्त, टबात मीठपाणी. फिरत्या ढोलात रक्त न सांडता पोचवायचं कसं, हा प्रश्न त्याने फोर्ड मोटारीच्या वॉटर पंपातला सांधा पाहून सोडवला. आधीचे जवळपास सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये बेशुद्ध अवस्थेतली ६७ वर्षांची एक बाई त्या ढोलाने शुद्धीवर आणली. बुद्धीला पाय फुटले की भंगारातूनही यंत्र उभं राहतं, ते असं.

आजचा फिल्टर, म्हणजे डायलायझर, फूटभर लांबीची पारदर्शक नळकांडी असते. ढोलाचं नावनिशाण नाही, पण तत्त्व तसूभरही बदललेलं नाही. आत दहा ते पंधरा हजार पोकळ तंतू उभे भरलेले असतात. प्रत्येकाचा आतला व्यास सुमारे २०० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. रक्त या तंतूंच्या आतून वाहतं, डायलिसेट त्यांच्या बाहेरून. सगळ्या तंतूंच्या भिंती उलगडून पसरल्या तर दीड-दोन चौरस मीटर भरतील, साधारण घरातल्या एका दाराएवढ्या. एवढं दार लागतंच, कारण रक्ताला त्यातून जायला काही सेकंदच मिळतात.

आणि दोन्ही प्रवाह उलट दिशांनी वाहतात. रक्त वरून खाली तर द्रव खालून वर. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. समजा दोघे एकाच दिशेने वाहिले असते. सुरुवातीला रक्तात भरपूर युरिया, द्रवात शून्य, देवाणघेवाण जोरात. पण पुढे जाता जाता रक्तातला कमी होत जातो, द्रवातला वाढत जातो, आणि नळकांडीच्या मध्यावरच फरक संपत येतो. उरलेली अर्धी नळी फुकट. उलट दिशेने वाहवलं, की बाहेर पडायच्या बेतात असलेल्या, बऱ्यापैकी साफ झालेल्या रक्ताला अगदी कोरा द्रव भेटतो आणि आत्ताच आलेल्या घाण रक्ताला थोडा वापरलेला. फरक टोकापासून टोकापर्यंत टिकतो. माशांच्या कल्ल्यांत रक्त आणि पाणी असंच उलट्या दिशांनी वाहतं. निसर्गाने ही युक्ती फार आधी वापरली आहे.

दारातून कोण जात नाही

पडद्याची छिद्रं काही नॅनोमीटरची. तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटरची, म्हणजे हजारपटीहून मोठी. ती या दारातून जाण्याचा प्रश्नच नाही. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन तसं लहान, पण त्याचं रेणुवजन ६६ हजारांच्या आसपास. युरियाचं ६०, क्रिएटिनीनचं ११३. त्यामुळे युरिया सटकतो, अल्ब्युमिन राहतं, आणि तेच हवं असतं.

पंचाईत होते ती मधल्यांची. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचं एक लहानसं प्रथिन आहे, वजन बारा हजारांच्या जवळ. जुन्या फिल्टरच्या छिद्रांतून ते जातच नसे. मोठ्या छिद्रांच्या नव्या फिल्टरमधून जातं, पण रेंगाळत, कारण मोठा रेणू भटकतोही हळू. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या सांध्यांत आणि मनगटात ते साचून दुखणं उभं करतं. आणखी एक जात आहे तिला तर मी चिकटू म्हणेन. आतड्यातले जीवाणू प्रथिनांचे तुकडे पचवताना काही पदार्थ तयार करतात, त्यातल्या एकापासून यकृतात इंडॉक्सिल सल्फेट बनतो. तो आकाराने लहान आहे, दारातून आरामात जाईल. पण रक्तात तो अल्ब्युमिनला चिकटून फिरतो. लहान मुलाने जाडजूड माणसाचा हात घट्ट धरलाय आणि दार फक्त मुलापुरतं आहे, अशी गत. सुटे असतील तेवढेच जातात.

पाणी काढणं ही वेगळीच गोष्ट

‘आज तीन लिटर काढलं’ असं डायलिसिसच्या खोलीत सतत कानावर पडतं. हे काम वर सांगितलेल्या विसरणाने होत नाही. पाण्यासाठी मशीन दाबाचा फरक वापरतं. द्रवाच्या बाजूला दाब कमी ठेवला की रक्तातलं पाणी छिद्रांतून तिकडे पिळलं जातं. किती पिळायचं ते ‘ड्राय वेट’वरून ठरतं, म्हणजे अंगात जादा पाणी नसताना माणसाचं जे वजन असेल ते. त्यापेक्षा अडीच किलो जास्त भरलं तर अडीच लिटर काढायचं, साधारण असा हिशेब.

अवघड भाग पुढे आहे. रक्तद्रव एकूण तीन लिटर. त्यातून तीन लिटर काढायचे? तसं केलं तर माणूस मरेल. प्रत्यक्षात जादा पाणी रक्तात कमी आणि पेशींच्या आजूबाजूला, सुजलेल्या पायांत, फुप्फुसांत जास्त असतं. रक्तातलं पाणी काढलं की मागचं पाणी हळूहळू रक्तात झिरपून ती जागा भरतं. झिरपण्याचा वेग शरीर ठरवतं, मशीन नाही. उपसा झिरपण्यापेक्षा जोरात झाला की रक्तदाब कोसळतो, पायांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. विहिरीचंही असंच असतं, झऱ्याच्या वेगापेक्षा जोरात उपसलं की तळ दिसतो. म्हणून तासाला, किलोमागे १३ मिलीच्या पुढे जाऊ नये असा सर्वसाधारण दंडक आहे. ६० किलोच्या माणसासाठी हे तासाला ७८० मिली, चार तासांत तीन लिटरच्या किंचित वर. दोन डायलिसिसच्या मधे पाणी मोजून प्यायला सांगतात त्यामागे हे गणित आहे. रुग्णाला छळायची हौस कुणाला नसते.

मिनिटाला ३०० मिलीच्या आसपास रक्त बाहेर काढून परत घालायचं तर नेहमीची, सलाइन लावतात ती शीर पुरत नाही. धमनीत जोर असतो, पण ती खोल असते आणि तिला वारंवार टोचणं धोक्याचं. अमेरिकन डॉक्टर बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये सिएटलमध्ये धमनी आणि शीर यांना जोडणारी टेफ्लॉनची कायमची नळी बसवली आणि त्यामुळे पहिल्यांदा माणसं वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगू लागली. तोवर दर वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागे. पुढे १९६६ मध्ये ब्रेसिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी नळीही काढून टाकली. मनगटाजवळची धमनी आणि शीर सरळ एकमेकींना शिवली. धमनीचा जोर शिरेत शिरतो, काही आठवड्यांत ती फुगते, जाड होते, सुया झेलायला तयार होते. हाच फिस्टुला. त्यावर बोट ठेवलं तर मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. फिस्टुला असलेली माणसं सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तीच थरथर तपासतात. ती लागली नाही, तर चहा-नाश्ता बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. त्या हाताचा रक्तदाब घेऊ द्यायचा नाही, त्या हातातून रक्तही काढू द्यायचं नाही.

पाण्याच्या शुद्धतेबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. आपण दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो आणि आतडं मधे पहारेकरी असतं. डायलिसिसच्या रुग्णाच्या रक्ताला आठवड्याला, तीन वेळांचं मिळून, ३६० लिटर पाणी भेटतं, मधे केवळ तो पातळ पडदा. आणि दार दोन्ही बाजूंनी उघडं असतं हे लक्षात घ्या. पाण्यात जे असेल ते फरकाच्या त्याच नियमाने रक्तात शिरेल. नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन पिणाऱ्याला काही करत नाही, पण रक्तात उतरलं तर तांबड्या पेशी फोडतं. पाण्यातल्या ॲल्युमिनियममुळे एके काळी डायलिसिसच्या रुग्णांना स्मृतिभ्रंश झाला आणि त्यांची हाडं ठिसूळ झाली. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष आलं आणि पन्नासहून जास्त रुग्ण दगावले. यंत्रं ठीक होती, पाणी ठीक नव्हतं. डायलिसिस केंद्राच्या मागच्या खोलीतले कार्बनचे टँक आणि आरओ प्लांट रुग्णांना कधी दिसत नाहीत, पण माझ्या मते पुढच्या चकचकीत मशीनइतकेच ते महत्त्वाचे आहेत.

चार तासच का?

‘तासभर आधी सोडा ना’ ही डायलिसिसच्या खोलीतली रोजची विनवणी. तिच्यामागे तर्कही दिसतो. वरच्याच उदाहरणात युरिया १५० वरून चार तासांत ५० वर आला. पण तो सरळ रेषेत उतरत नाही. पहिल्या तासाअखेर ११४, मग ८७, मग ६६, मग ५०. पहिल्या तासात ३६ कमी झाला, शेवटच्या तासात फक्त १६. डावी खोली जसजशी रिकामी होते तसतसे दारापर्यंत पोचणारे कमी होतात. मग शेवटचा तास सोडला तर काय बिघडलं?

युरियापुरतं तुलनेने कमी. पण फॉस्फेटपुरतं बरंच. युरिया पेशींच्या भिंती सहज ओलांडतो. फॉस्फेटचा मोठा साठा हाडांत आणि पेशींत असतो आणि तो तिथून रेंगाळत निघतो. डायलिसिस सुरू झालं की रक्तातलं फॉस्फेट लवकर खाली येतं आणि मग चिकटून बसतं; मागून जेवढं येईल तेवढंच पुढे जातं. फिल्टर कितीही मोठा लावा, रक्त कितीही जोरात फिरवा, आतल्या खोलीचं दार अरुंद ते अरुंदच. तिथे वेळेला पर्याय नाही. पोटॅशियमचंही तसंच, त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत असतं. फॉस्फेट पुरेसं निघत नाही म्हणूनच जेवणाबरोबर ते आतड्यातच पकडून ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या जातात. आणि पाण्याचं मघाशी पाहिलंच.

उलट टोकालाही धोका आहे. पहिलं डायलिसिस मुद्दाम छोटं आणि मंद ठेवतात. रक्तातला युरिया फार झपाट्याने उतरवला तर मेंदूतला तेवढ्या वेगाने उतरत नाही. मग मेंदूत विरघळलेलं जास्त, रक्तात कमी, आणि पाणी मेंदूकडे ओढलं जातं. डोकं दुखतं, उलट्या होतात, कधी झटके येतात. विष काढण्याचीही घाई करून चालत नाही.

आठवड्यात तास असतात १६८. त्यातले १२ मशीनवर. किडनी मात्र झोपेतही थांबत नाही. त्यामुळे डायलिसिसने मिळणारी सफाई चांगल्या किडनीच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपासच असते, आणि तेवढ्यावर माणूस जगतो हेच नवल. दोन डायलिसिसमधली दोन दिवसांची मोठी सुट्टी संपताना हृदयाचे धोके वाढलेले असतात, असं पाहणीत दिसून आलं आहे. तांबड्या पेशी बनवायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व कामाला लावणं, ही किडनीची इतर कामं तर मशीन करतच नाही. त्यांची इंजेक्शनं-गोळ्या वेगळ्या.

घरी करायचं पोटाचं डायलिसिस, मशीनसारखे मोठे खंड पडत नाहीत म्हणून, काहींना मानवतं. त्यात कृत्रिम पडदा नसतोच. पोटाच्या आतलं पेरिटोनियमचं अस्तरच पडदा म्हणून वापरतात. नळीतून दोन लिटर द्रव पोटात सोडायचा, चार-पाच तास राहू द्यायचा, काढून टाकायचा, नवा भरायचा. दिवसातून असं चार वेळा. पोटात दाब लावता येत नाही, म्हणून पाणी ओढायला द्रवात भरपूर ग्लुकोज घालतात. सफाई संथ, पण रोजची आणि सतत चालणारी, त्यामुळे शरीराला चढ-उतार कमी सोसावे लागतात. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून हात धुण्यापासून कमालीची शिस्त लागते. ती जमणाऱ्यांसाठी हा मार्ग मला चांगला वाटतो, आणि तो रुग्णांना पुरेसा समजावून सांगितला जात नाही, असंही वाटतं.

चार तास झाले की मशीनच्या नळ्यांतलं रक्त सलाइनने ढकलून शरीरात परत घालतात, सुया निघतात, रुग्ण कापसाचा बोळा दाबून दहा-पंधरा मिनिटं बसतो. मशीन बंद झालं तरी आतल्या खोल्यांतली हालचाल चालूच असते. स्नायूंत, त्वचेत, पेशींत मागे राहिलेला युरिया आता साफ झालेल्या रक्तात उतरू लागतो. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा रक्त तपासलं तर आकडा सुया काढताना होता त्यापेक्षा थोडा वर गेलेला दिसतो. कुणाचं काही चुकलेलं नसतं. दोन रिपोर्टांची तुलना करायची असेल तर दोन्ही वेळा नमुना डायलिसिस संपल्यावर किती मिनिटांनी घेतला होता, एवढं मात्र आधी विचारून घ्यावं.